मिसेस प्रिचर्डचं मागचं दार

अहो, घरात काही वाजत नाही.

माणूस गेलं की घर शांत होतं, हे मी ऐकून होते. पण ही शांतता तुम्ही जिवंतपणीच करून ठेवलेली आहे. जिन्याची पायरी करकरली की खिळा, नळ ठिबकला की वॉशर, बिजागरी कुरकुरली की तेल. फ्रीजसुद्धा तुम्ही असा समतोल बसवलाय की तो धड गुरगुरत नाही. तुम्ही होतात तोवर तुमचाच आवाज घरभर असायचा, म्हणून मला कधी कळलं नाही. आता सकाळी चहा ठेवते आणि आधण उकळायला लागेपर्यंत कानात दडे बसल्यासारखं होतं.

तेरावं झालं. ॲन आर्बरमधली आपली सगळी माणसं येऊन गेली. फ्रीजर डब्यांनी भरलाय आणि कोणता डबा कोणत्या काकूंचा ते मला आता सांगता येणार नाही. आपली मीनल सुट्टी संपली म्हणून मिनेसोटाला, ईडन प्रेरीला परत गेली. महिनाअखेर येऊन मला घेऊन जाणार म्हणते. "आई, यू कान्ट बी अलोन इन दॅट हाउस," असं रोज फोनवर बजावते. मी "बघू" म्हणते. मी "बघू" म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे फक्त तुम्हाला कळायचं.

मला तुमच्याशी बोलायचंय ते वेगळंच. आपलं एक भांडण राहिलंय. मोठी भांडणं मिटली, काही दमून मिटली. परत भारतात जायचं की नाही, हे भांडण तर न जाताच मिटलं. हे एकच राहिलं, मिसेस प्रिचर्डच्या मागच्या दाराचं. आणि तुम्ही गेल्यापासून मला सकाळच्या वेळी दुसरं काही सुचत नाही.

आठवतंय ना? ब्याऐंशीचा ऑगस्ट. मीनलला व्हर्जिनियाला कॉलेजात सोडून आपण परत निघालो होतो. वेस्ट व्हर्जिनियाचे सगळे डोंगर मी रडत ओलांडले आणि तुम्ही त्या सगळ्या डोंगरांत मला गाडीचं मायलेज सांगत होतात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. नंतर कधीतरी मीनलने सांगितलं की डॉर्मच्या जिन्याखाली तुम्ही एकटेच उभे राहून डोळे पुसत होतात. मला सांगायची तुमची छाती झाली नाही.

ओहायो नदी ओलांडली तेव्हा संध्याकाळ झाली होती. कसलीशी जत्रा होती, सगळी मोटेलं भरलेली. पेट्रोल भरणारा माणूस म्हणाला, वर टेकड्यांत एक बाई घरात पाहुणे ठेवते, बेड अँड ब्रेकफास्ट. आपण तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. "म्हणजे कोणाच्या तरी घरी राहायचं, जेवायचं आणि वर त्यांना पैसे द्यायचे?" तुम्ही मला मराठीतून विचारलंत. "सांगलीत असं केलं तर यजमान जन्मभर तोंड बघणार नाही." आणि तरी गाडी वळवलीत, कारण तुम्हाला भूक लागली होती.

ते घर मला आजही जसंच्या तसं दिसतं. टेकडीच्या खांद्यावर पांढरं लाकडी घर, मागे गोठा, खाली धुक्याने भरलेली दरी. मिसेस प्रिचर्ड दारातच उभी होती, उंच, हाडापेराने मजबूत, हात ॲप्रनला पुसत. साठीची असेल. तिचे आजोबा वेल्समधून आलेले. बोटीतून उतरून, नदीमार्गाने पुढे पुढे जात इथवर पोचले आणि या टेकड्या बघून म्हणाले की आता पुढे जायचं नाही, हे घरच्यासारखं दिसतंय. तुम्ही तिला म्हणालात, "लकी मॅन. मला अजून मिशिगनमध्ये घरच्यासारखं काही दिसलेलं नाही." ती मोठ्याने हसली. तुमचं आणि तिचं तिथल्या तिथे जमलं. मला जरा वेळ लागला, मला नेहमीच लागतो.

वरच्या खोलीत गेल्या गेल्या तुम्ही काय केलंत? खिशातलं पेन जमिनीवर ठेवलंत. ते घरंगळत पलंगाखाली गेलं. "बघ, दोन डिग्रीचा तरी उतार आहे," असं इतक्या आनंदाने म्हणालात की त्या दिवसभरात मी पहिल्यांदा हसले. नंतर गुडघे टेकून ते पेन पलंगाखालून काढायला मीच गेले, हेही सांगून ठेवते.

सकाळी आपण सवयीप्रमाणे अंथरूण काढलं, चादरीच्या घड्या घातल्या, मी कोपऱ्यातला केर हाताने गोळा केला. पैसे दिले म्हणून काय झालं, दुसऱ्याच्या घरात आपण असे लोळत पडणार होतो थोडेच. खाली आलो. जेवणाची खोली मोठी, तिला मागच्या अंगणात उघडणारं जुनं दार. त्या दाराला लोखंडी खिटी होती, बाहेरून अंगठ्याने दाबली की आतली पट्टी उचलली जायची. टेबलावर आपल्या दोघांची पानं, तिचं एक आणि शिवाय टेबलाच्या टोकाला चौथं, कप उपडा घातलेलं. मला वाटलं आणखी कोणी पाहुणा आहे.

मग ती चुलीच्या खोलीतून आली. दोन्ही हातांत ताटल्या, म्हणून मधलं जड दार तिने कंबरेने ढकललं. आणि त्याच क्षणी समोर मागच्या दाराची खिटी आपोआप उचलली गेली, टक् झालं आणि दार वीतभर उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. धुकं होतं. तिने तिकडे बघितलंही नाही.

"मॉर्निंग, इव्हान," ती म्हणाली, आणि एक अंडं, दोन टोस्ट असलेली ताटली त्या चौथ्या जागी ठेवली. कप सुलटा केला, चहा ओतला. मग दार पायाने लोटून आपल्याकडे वळली आणि तुम्हाला विचारलं, तुम्ही अंडी खाता का.

तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तरी मला भीती वाटत नव्हती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तिनेच सांगितलं, जॅम पुढे सरकवता सरकवता. इव्हान तिचा नवरा. काही वर्षांपूर्वी गवत कापताना शेतातच गेला. जन्मभर तो धारा काढून याच दाराने न्याहारीला यायचा. तो गेल्यावर सवयीने ती त्याचं पान मांडत राहिली आणि एका सकाळी ती ताटली घेऊन आली तर दार उघडलं. तेव्हापासून उघडतं. "मी त्याला काही विचारत नाही," ती म्हणाली. "तोही काही बोलत नाही. तसा तो न्याहारीच्या आधी कधीच बोलायचा नाही."

तिचा चहा दुधाचा होता, कडक. या देशात कोणी तसा चहा दिला नव्हता. आणि जाड लोखंडी तव्यावर भाजलेल्या, बेदाणे घातलेल्या त्या छोट्या गोल टिक्क्या. तो तवा बघून मला माझ्या आईची आठवण आली आणि डोळे भरले. तुम्ही टेबलाखालून मला पाय मारलात. तुम्हाला वाटलं, मी भुताला घाबरले.

नंतर आपण टेकडीवर फिरायला गेलो. भांडण तिथे सुरू झालं.

"अगं, सिंपल प्रेशर डिफरन्स आहे," तुम्ही म्हणालात. "चुलीच्या खोलीत हवा गरम. ती मधलं दार ढकलते, हवेचा धक्का बसतो. खिटी झिजलीय, दार हलकं झालंय, उघडतं. ती ताटली घेऊन आली नाही, तर दार उघडणारच नाही."

"मग तेच तर!" मी म्हणाले.

"काय तेच तर?"

"ती ताटली घेऊन येते म्हणून तो येतो."

तुम्ही कपाळाला हात लावलात. मी म्हणाले, तुम्ही नाही का तुमच्या बाबांच्या तिथीला पान वाढून बाहेर ठेवत? तुम्ही म्हणालात, ते मी आईसाठी करतो. मी म्हणाले, वर्षातून एकदा आपण जे करतो ते ही बाई रोज करते, एवढाच फरक. तेव्हा तुम्ही थांबलात, मागे वळलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "माझ्या बाबतीत हे सगळं कॅन्सल. मी गेल्यावर पान-बिन मांडायचं नाही. मी येणार नाही."

इतक्या सहज म्हणालात तुम्ही. खाली दरीत गाई चरत होत्या. मी म्हणाले, बरं.

आणखी एक दिवस राहू या, हे मीच म्हटलं होतं. घरी जाऊन मीनलच्या रिकाम्या खोलीचं दार बघायचं माझ्याच्याने होत नव्हतं. तुम्ही लगेच हो म्हणालात, तेव्हाच मला समजलं की तुमच्याही होत नव्हतं. दुपारी मिसेस प्रिचर्ड गावात सामान आणायला गेली. मी पुढच्या पडवीत तिच्या शेंगा सोलत बसले होते. मागून कानशीचा आवाज आला, किस्, किस्. आत येऊन बघते तर गाडीच्या डिकीतली तुमची हत्यारांची पेटी उघडी आणि तुम्ही मागच्या दारापाशी गुडघ्यांवर.

"अहो, हे काय?"

"सरप्राइज. आपण असे हात हलवत आलो. हिला काहीतरी करून देऊन जाऊ या. बिचारी एकटी बाई, हिवाळ्यात केवढी हीट जात असेल इथून." खिटीची जीभ तुम्ही सरळ केली होतीत, पट्टी नव्या स्क्रूंनी वर सरकवून बसवली होतीत. "बघ, ढकल आता. काय बसलीय!"

मी ढकललं. दार भिंतीसारखं घट्ट होतं. "काढा ते," मी म्हणाले. "तुम्ही त्याला बाहेर ठेवलंत." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी परत शेंगा सोलायला निघून गेले. तुमच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हेच तर कठीण होतं. दुसऱ्याच्या घरी चार घास खाल्ले की त्या घराचं काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय तुमच्या घशाखाली अन्न उतरायचं नाही. जोशीकाकांचा गीझर, शिकागोच्या माझ्या मावसबहिणीचं गॅरेज, देवळाच्या हॉलचा माइक. या देशात आपल्या माणसांनी अशीच एकमेकांची ओटी भरली, कोणी स्क्रूड्रायव्हरने, कोणी भाजीच्या डब्याने.

दुसऱ्या सकाळी ती दोन्ही हातांत ताटल्या घेऊन आली. मधलं दार कंबरेने ढकललं. "मॉर्निंग, इव्..." म्हणाली आणि थांबली.

समोरचं दार हललं नाही.

ती तशीच उभी राहिली, ताटलीतून वाफ येत होती. मग चौथ्या जागी ताटली ठेवली. कप सुलटा केला. चहा ओतला. आपल्याला विचारलं, जॅम आणखी हवा का. दाराकडे तिने एकदाही बघितलं नाही, हे मला विसरता येत नाही. तुम्ही तुमच्या अंड्याकडे बघत होतात आणि मी तुमच्याकडे. त्या न्याहारीची मला कसलीच चव आठवत नाही.

निघालो. मोठ्या रस्त्याला लागताना तुम्ही ब्रेक मारलात. "स्वेटर राहिला." मी म्हणाले, राहू दे, ती पोस्टाने पाठवेल. तुम्ही ऐकलं नाहीत. परत तिच्या फाटकाशी आलो, मला गाडीत बसवून तुम्ही आत गेलात. खूप वेळ लागला. आलात तेव्हा स्वेटर खांद्यावर आणि हातात टिक्क्यांचं गरम पुडकं. "बोलत बसली ती," तुम्ही म्हणालात. "हे घे, तुझ्यासाठी दिल्यात." मी त्यातली एकही खाल्ली नाही. सगळ्या तुम्ही टोलेडोपर्यंत संपवल्यात.

आणि मग पाच वर्षं. पार्टीत जेवणं झाली की कोणीतरी म्हणायचं, ती ओहायोची गोष्ट सांगा ना. "मी एक भूत रिपेअर केलंय, यार," अशी तुम्ही सुरुवात करायचात आणि माणसं हसून हसून लोळायची. मी उठून स्वयंपाकघरात जायचे. घरी आल्यावर मी म्हणायचे, त्या बाईचं काय झालं असेल याचा कधी विचार केलात? तुम्ही म्हणायचात, "शी मस्ट बी वॉर्म." मग मी दोन दिवस अबोला धरायचे. दर नाताळला तिचं कार्ड यायचं. हवा, गाई, यंदा बर्फ किती. मी ते दोनदा-तीनदा वाचायचे, दाराबद्दल एखादा शब्द आहे का म्हणून. नसायचा. उत्तरात मीही हवाच कळवायचे. विचारायचं धाडस झालं नाही. नाही उघडत म्हणाली असती तर तुमच्याबरोबर पुढची वर्षं एका टेबलावर मी कशी बसले असते?

आता त्या सकाळबद्दल. ते मला लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

चहा व्हायचा होता. तुम्ही म्हणालात, तेवढ्यात ड्राइव्हवेचा बर्फ काढतो. मी म्हणाले, चहा घेऊन जा. "दोन मिनिटांत आलो." कानटोपी, हातमोजे, फावडं. जेवणाच्या खोलीतल्या मागच्या दाराने बाहेर गेलात, दार ओढून घेतलंत आणि लॅच बसला की नाही ते नेहमीप्रमाणे बाहेरून एकदा ओढून बघितलंत. टक्. तुमचा मी ऐकलेला शेवटचा आवाज तो.

मी चहा गाळला. तुमच्या कपावर बशी झाकली. पोह्यांना फोडणी दिली. आणि मग पुढच्या दाराची बेल वाजली आणि समोरच्या घरातला माणूस अंगात कोट नसताना उभा होता. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. तुमचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर तुमच्यासमोर कधी घेतलं नाही. तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा घ्यावं लागलं. प्रभाकर. प्रभाकर. दोनदा घेतलं आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात.

सगळे म्हणतात, त्यांना कळलंसुद्धा नसेल. आपल्या डॉक्टर काकांनी तर माझा हात हातात घेऊन सांगितलं, "वहिनी, इट वॉज इन्स्टंट." असेलही. पण तुम्ही हाक मारली असेल का? त्या दाराला तुम्ही चारी बाजूंनी लोकरी पट्टी लावलीत, बाहेर दुसरं काचेचं दार बसवलंत, खिडक्यांना दर ऑक्टोबरात प्लास्टिक ताणलंत. फट दिसली की तुम्हाला चैन पडायचं नाही. मीनल गेल्यावर मी एक दिवस तुमचा ट्रान्झिस्टर मागच्या पायरीवर ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि आत येऊन दार लावलं. कान लावून उभी राहिले. काही ऐकू आलं नाही, अहो. हातभर अंतरावरून काही ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून मला हे घर नकोसं झालं. तुम्ही येणार नाही म्हणाला होतात ते वेगळं. पण यायचं म्हटलंत तरी कुठून येणार? मुंगी शिरायला जागा ठेवली नाहीत.

परवा सकाळी मी मिसेस प्रिचर्डला फोन केला. नंबर तिच्या कार्डावर छापलेलाच असतो. का केला ते मला माहीत नव्हतं. एका बाईने दुसऱ्या बाईला विचारावं, सकाळी न्याहारी कशी करतेस, एवढंच असेल. तिने पहिल्यांदा मला रडू दिलं. मग मी कसंबसं म्हणाले, ते दार... आमच्यामुळे...

"दार?" ती म्हणाली. "दार रोज उघडतं, हनी. पूर्वीपेक्षा जास्त उघडतं. मांजर शिंकलं तरी उघडतं."

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं. त्या सकाळी तुम्ही स्वेटरसाठी परत गेलात ना, तर स्वेटर नुसता खुर्चीवर पडला होता, तो घ्यायला किती वेळ लागणार? तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, मॅम, मी तुमच्या घरातली एक चांगली चाललेली गोष्ट बिघडवलीय, मला दहा मिनिटं द्या. नवे स्क्रू तिला आदल्या संध्याकाळीच दिसले होते, पण पाहुण्याला काय बोलायचं म्हणून ती गप्प राहिली होती. तुम्ही पट्टी खाली घेतलीत, कानस घेऊन खिटीची जीभ आणखी घासलीत. मग तिला म्हणालात, टेस्ट करून बघावं लागेल, तुम्ही ताटली घेऊन या. ती म्हणाली, रिकामी? तुम्ही म्हणालात, नको, रिकामी नको. तव्यावरच्या दोन टिक्क्या तिने ताटलीत घातल्या आणि मधलं दार कंबरेने ढकललं.

दार उघडलं.

"आणि तुझा नवरा काय म्हणाला माहितीय?" मिसेस प्रिचर्ड फोनवर हसत होती, रडतही असेल. "डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, मॉर्निंग, इव्हान."

तुम्ही. तुम्ही म्हणालात.

जाताना तिला बजावलंत की माझ्या बायकोला सांगू नका, ती मला जन्मभर ऐकवेल. मी जिवंत आहे तोवर तरी नको. तिने शब्द पाळला. फोन ठेवल्यावर मी किती वेळ हसत होते आणि मग तुम्हाला शिव्या घालत होते, मोठमोठ्याने, या घट्ट बंद घरात. पाच वर्षं! पाच वर्षं माझे अबोले सोसलेत, भुताची गोष्ट सांगून टाळ्या घेतल्यात, मला स्वयंपाकघरात रागाने भांडी आपटू दिलीत, आणि तुम्ही फाटकापाशी येण्याआधीच हरलेले होतात. एकदा सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी ऐकवलं असतं, हे खरं आहे. खूप ऐकवलं असतं. पण त्याच रात्री तुमच्या आवडीची पुरणपोळीही केली असती.

काल मी गॅरेजमध्ये गेले. भिंतीवर प्रत्येक हत्याराभोवती तुम्ही पेन्सिलने त्याचा आकार काढून ठेवलाय, म्हणजे कोणी दुसरीकडे टांगू नये. फक्त फावड्याची जागा रिकामी आहे, ते शेजाऱ्याने पुढच्या पडवीत उभं करून ठेवलंय आणि मला ते आत आणवत नाही. मी मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला. आधी लोकरी पट्टी ओढून काढली. मग लॅच जिथे बसतो ती पितळी पट्टी सैल केली. सुरुवातीला उलटीकडेच पिळत होते. तुम्ही बघत असतात तर हातातून काढून घेतला असतात. बाहेरच्या काचेच्या दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं.

संध्याकाळी मीनलचा फोन आला. "आई, व्हॉट्स दॅट नॉइज? साउंड्स विंडी."

"मागचं दार नीट लागत नाही."

"सो फिक्स इट, आई! इट्स फेब्रुवारी! यू आर हीटिंग द होल स्टेट ऑफ मिशिगन!"

अगदी तुमचं वाक्य, तुमच्याच सुरात. मला इतकं बरं वाटलं. महिनाअखेरीला येऊ नकोस, असं मी तिला सांगितलं. उन्हाळ्यात येईन म्हटलं. ती चिडली. ऐकेल हळूहळू.

आज सकाळी पोहे केले. त्या दिवसापासून पहिल्यांदाच. दोन बशा भरल्या, एक माझी, एक तुमची. लिंबू पिळलं, वर खोबरं घातलं. दोन्ही हात अडकलेले, म्हणून मधलं दार कंबरेने ढकललं.

टक् झालं.

का झालं ते मला माहीत आहे. स्वयंपाकघरातली हवा गरम, खोलीतली गार. तुम्हीच त्या टेकडीवर मला समजावून सांगितलंत, मी विसरलेले नाही. मी तुमच्या जागी बशी ठेवली. कप सुलटा केला, चहा ओतला. तुमचं नाव घेतलं, उखाण्याशिवाय. दार वीतभर उघडं आहे, गार वारा थेट माझ्या पायांशी येतोय, खाली फर्नेस धडधडायला लागलीय आणि सगळी ऊब बाहेर चाललीय.

मी दार लावणार नाही. ओरडायचं असेल, तर या.